पानावरचे टिळक, गळ्यातले टिळक

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची ‘अभंगांजली’ मी प्रथम हाती घेतली ती अर्ध्यावरच ठेवून दिली. तीच आळवणी, तीच शरणागती. मराठी समीक्षेने ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ज्यांना जवळ केले, ज्यांनी बालकवींना आपल्या घरी ठेवून घेतले, ते टिळक हेच का, असे वाटले. वहीत ‘पुनरुक्ती फार’ असा शेराही मारला. तो पुढे मलाच खोडावा लागला.

काही वर्षांपूर्वी आमच्या घाटंजीत, गल्लीतल्या एक निवृत्त नर्सबाई वारल्या. यवतमाळहून त्यांची ख्रिस्ती मंडळी आली. पाळकांनी काही बोलण्याआधीच एका म्हातारीने अभंग उचलला. कोणाच्या हाती पुस्तक नव्हते. दुसऱ्या आवर्तनाला साऱ्या मंडळीने तो धरला आणि पुढच्या आवर्तनांत ओट्यावर बसलेल्या आमच्या बायाही ध्रुपदापुरत्या गाऊ लागल्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या. शब्द नवे, पण चाल भजनातली. ध्रुपद पुन्हा पुन्हा आले नसते, तर त्यांना शिरायला वाटच नव्हती. तो अभंग टिळकांचा होता, हे घरी येऊन पुस्तक चाळल्यावर कळले.

विदर्भातल्या माणसाला यात नवल वाटू नये. तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. संध्याकाळी ओळीने बसायचे आणि सगळ्यांनी मिळून म्हणायचे. तिथे श्रोता असा कोणी नसतोच. कीर्तनात बुवा रंगवतात, आपण ऐकतो, टाळी देतो. प्रार्थनेत ज्याचा आवाज बेसूर आहे त्यालाही गप्प बसता येत नाही.

ख्रिस्ती उपासनेतले मंडळीचे गायन याच जातीचे आहे. इ. स. ११२च्या सुमारास रोमन अधिकारी प्लिनी सम्राट ट्रेजनला कळवतो, की हे लोक ठरल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात. पौल आपल्या पत्रांत स्तोत्रे गाऊन एकमेकांना शिकवायला सांगतो. म्हणजे गाणे देवाला उद्देशून असते, तसेच शेजारी उभ्या असलेल्यालाही. पुढे युरोपात गाणे बरेचसे धर्मगुरूंच्या आणि गायकवृंदाच्या लॅटिनकडे गेले. ल्यूथरच्या चळवळीत १५२४पासून जर्मन गीतसंग्रह छापले जाऊ लागले, तेव्हा ते पुन्हा बाकांवर बसलेल्यांच्या तोंडी आले.

मराठीत अडचण वेगळी होती. इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे इंग्रजी चालींवर बसवली, की ठेका एका अक्षरावर पडतो आणि मराठीतले दीर्घ अक्षर दुसरीकडेच राहते. शब्द आपले, पण तोंडात खडे. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी टिळकांच्या आधीच अहमदनगरात ख्रिस्ती कीर्तन उभे केले होते. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी पुढे अभंग, ओवी, पदे यांचा मोठा साठा दिला. ‘उपासना संगीत’ या स्तोत्रपुस्तकात त्यांचा वाटा मोठा आहे. टिळकांनी ख्रिस्ती धर्म ‘देशी पोशाखात’ आणला, असे यावर नेहमी म्हटले जाते. मला हे अपुरे वाटते. पोशाख बघण्यासाठी असतो. अभंगाचे काम वेगळे होते: निरक्षर माणसाला पुस्तकाशिवाय उपासनेत पूर्ण वाटा देण्याचे.

आणि ही माणसे कोण होती? अहमदनगरकडच्या मंडळ्यांत महार-मांग समाजांतून आलेले लोक बहुसंख्य होते. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दार अस्पृश्यांना १९४७मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले. ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी अभंग देवळाबाहेर उभे राहून म्हटले, ते आता तोच छंद घराच्या मधोमध म्हणत होते, आणि शब्द चित्पावन घरातल्या कवीचे होते. अभंगातला ‘मी’ एकट्याचा असतो. शंभर जण तो एकदम उच्चारतात तेव्हा ब्राह्मणाचा ‘मी’ आणि महाराचा ‘मी’ वेगळा काढता येत नाही.

अर्थात गाण्यात जे सोपे, ते पाण्यात अवघड. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये आपले सोवळे कसे हळूहळू सुटले, ते मोकळेपणाने लिहिले आहे. एक सूर लागला म्हणून पंगत एक झाली, असे मी म्हणणार नाही. त्या ओट्यावरच्या बायांपैकी किती जणींनी नर्सबाईंकडे कधी चहा घेतला होता, हे मला ठाऊक आहे. आकडा सांगत नाही.

१९१७मध्ये टिळक मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. दोनच वर्षांत ते गेले. अभ्यासक याकडे त्यांच्या विचारातला शेवटचा टप्पा म्हणून पाहतात. मला तो त्यांच्या अभंगांतच आधीपासून दिसतो, कारण ध्रुपद धरणाऱ्याचा बाप्तिस्मा झाला आहे की नाही, हे अभंग विचारत नाही.

तेराव्या दिवसाच्या सुमारास त्या बायांपैकी एकीने मला अडवून विचारले, “भाऊ, त्या गाण्याचं पुढचं कडवं काय होतं जी?” मी ‘अभंगांजली’ आणून वाचून दाखवले. तिने दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाली, “असं नाही, म्हणून दाखवा.”