खाल्लंच पाहिजे

मराठीतलं सगळ्यांत जुलमी अक्षर कोणतं, असं कोणी मला विचारलं तर मी 'च' हे उत्तर देईन. 'लग्नाला या' म्हटलं की माणूस सवडीने विचार करतो. 'लग्नाला यायचंच' म्हटलं की तो रजेचा अर्ज लिहायला घेतो. खाण्याचंही तसंच आहे. 'कोल्हापूरला मिसळ चांगली मिळते' ही माहिती झाली. 'कोल्हापूरला गेलास की मिसळ खाल्लीच पाहिजे' हा वटहुकूम झाला. त्यातून 'खाल्लंच' या शब्दाच्या पोटात लंच दडलेलं असल्यामुळे तो वटहुकूम मोडायची हिंमत माझ्यासारख्या सरळमार्गी माणसाला होत नाही.

आमच्या घरात हे वटहुकूम साडू काढतात. ते एका औषध कंपनीत फिरतीवर होते, त्यामुळे महाराष्ट्राचा नकाशा त्यांना जिल्ह्यांनी नव्हे तर पदार्थांनी पाठ आहे. मी बाहेरगावी निघालो असं बायकोने बहिणीला सांगायचा अवकाश, संध्याकाळी यादी हजर. पूर्वी ती घडी घातलेल्या कागदावर येई, हल्ली मोबाईलवर येते; मजकूर तोच. पदार्थाचं नाव, दुकानाचं नाव आणि शेवटी धमकी : 'हे खाल्लं नाहीस तर गेलास कशाला?' मी साधारणपणे बँकेच्या कामाला गेलेलो असतो, पण हे कारण साडूंना आजवर पटलेलं नाही.

कादंबऱ्यांवर, नाटकांवर, झालंच तर एकमेकांवर टीका लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण 'खाल्लंच पाहिजे' या वाङ्मयप्रकाराची परखड समीक्षा कोणी केलेली माझ्या पाहण्यात नाही. म्हटलं, आपणच करावी. समीक्षकाची मुख्य पात्रता म्हणजे मूळ कृती त्याला पुरती न पचणं, आणि ती माझ्याकडे भरपूर आहे.

माझा पहिला आक्षेप हिशेबाचा. बी.कॉम. माणूस आधी बेरीज बघतो. चार दिवसांचं डेप्युटेशन म्हणजे चार न्याहाऱ्या, चार दुपारची जेवणं आणि तीन रात्रीची, एकूण अकरा. साडूंची यादी सतरा कलमांची. म्हणजे सहा कलमांचा ओव्हरड्राफ्ट. तारण घेतल्याशिवाय आम्ही असा ओव्हरड्राफ्ट सख्ख्या भावाला देत नाही. पोट मात्र बिचारं देतं आणि रात्री दीड वाजता व्याजासकट वसूल करतं.

दुसरा आक्षेप वेळेचा. या याद्या पत्ता देतात, वेळ देत नाहीत. पदार्थांना कामकाजाची वेळ असते, आमच्या काउंटरपेक्षाही कडक. नागपूरचे तर्रीपोहे घ्या. हरभऱ्याच्या लालभडक तर्रीत पोहे भिजवून खायचे ते सकाळी, घाम पुसत कामाला लागण्यासाठी. मी ते दुपारी तीनला मागितले. पोहे मिळाले, सकाळ मिळाली नाही. हुरड्याची तर तऱ्हाच निराळी. ज्वारीचा दाणा हिरवा, कोवळा असतो ते थंडीतले मोजके आठवडे. शेतात आगटी पेटवायची, कणसं भाजायची, तळहातावर चोळून गरम गरम तोंडात टाकायची. दाणा पुढे गेला की तो हुरडा राहत नाही, ज्वारी होते. यादीत मात्र तो बारा महिने हिरवा.

इंदूरला मी गेलो तो मे महिन्यात, मामेबहिणीच्या मुलीच्या लग्नाला. यादीत दुसऱ्या क्रमांकावर गराडू होता. रात्री सराफ्यात गेलो. ही जागा मात्र खरोखरच बघण्यासारखी आहे. दिवसा तिथे सोन्याचांदीचा बाजार. रात्री पेढ्यांना कुलुपं लागली की त्याच ओट्यांपुढे कढया चढतात आणि मध्यरात्र उलटली तरी गाव उभ्याने खात असतं. ज्या ओट्यावर दिवसा तोळ्याचा भाव विचारायची माझी छाती झाली नसती, त्यावर मी ऐटीत कोपर टेकून भुट्ट्याचा कीस खाल्ला. कोवळा मका किसून, परतून दुधात शिजवतात. चांगला लागतो, आपल्या उपम्याचा सुखवस्तू मावसभाऊ म्हणा. मग गराडू मागितला. कढईवाला माझ्याकडे बघतच राहिला. मी जणू त्याच्याकडे स्वेटर मागितला होता. 'बाबूजी, वो तो सर्दी में!' गराडू हा कंद. तो थंडीत तळायचा, वर जीरावनाचा मसाला भुरभुरायचा, आणि शेकोटीजवळ उभं राहिल्यासारखा खायचा. यादीने मला थंडी सांगितलीच नव्हती.

पोट जरा हलकं व्हावं म्हणून शेवटी शिकंजी मागवली. आपली समजूत अशी की शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत. समोर आला तो आटवलेल्या दुधाचा, सुक्या मेव्याने भरलेला, चमच्याने खाण्याइतका दाट पेला. इंदूरची शिकंजी म्हणतात ती हीच. पाचक म्हणून मागवलेली वस्तू पचवायला मला दुसऱ्या दिवशीची दुपार लागली. लग्नात लोक विचारत होते, 'पाहुणे पंगतीला का बसत नाहीत? काही मानापमान झाला का?'

पण इंदूरनेच मला शहाणं केलं. पोहे-जिलबी प्रत्येक यादीत असते, तशी साडूंच्याही होती. त्यांनी सांगितलेलं दुकान गाठायला मी पहिल्या सकाळी रिक्षाने गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलो होतो. तिसऱ्या सकाळी बहिणीचे यजमान लेंग्यावरच मला गल्लीच्या कोपऱ्यावर घेऊन गेले. तिथे एका मोठ्या पातेल्यात पाणी उकळत होतं आणि त्यावर पोह्यांची परात. वाफेवरचे पोहे, म्हणून तळापर्यंत मऊ. वर शेव, कांदा, जीरावन, लिंबू. कागदाच्या दुसऱ्या टोकाला जिलबी. तिखटाबरोबर गोड, या प्रकारावर मी पहिल्या घासाला मनातल्या मनात टीका केली आणि चौथ्या घासाला ती मागे घेतली. मी म्हटलं, 'हे दुकान तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?'

'हे? यात काय सांगायचं?' ते म्हणाले. 'आणि ते तिकडचं दुकान ना? तिकडे पाहुणे जातात.'

त्या दिवसापासून मी एक कसोटी बाळगून आहे. गावकरी ज्याच्याविषयी छाती फुगवून सांगतो, तो पदार्थ पाहुण्यांचा. ज्याच्याविषयी 'त्यात काय सांगायचं' म्हणतो, तो गावाचा. याद्या सगळ्या पहिल्या जातीच्या. दुसऱ्या जातीची यादी होऊच शकत नाही, कारण ती सांगायचं कोणाच्या डोक्यात येत नाही.

कोल्हापूरचं उदाहरण सांगतो. मुंबईपासून कुठल्याही हॉटेलात 'व्हेज कोल्हापुरी' नावाची भाजी मिळते. लाल रस्सा, वर दोन मिरच्या ठेवलेल्या. कोल्हापुरातल्या ज्या घरी मी जेवलो, तिथे या भाजीची चौकशी केली. वहिनी म्हणाल्या, 'भाजी कशाची असती ती?' मला सांगता आलं नाही. त्यांनी पांढरा रस्सा वाढला, मटणाच्या आळणी पाण्यात नारळाचं दूध घातलेला, आणि तो इतका सौम्य होता की डोळ्यांत पाणी आणायची तयारी करून बसलेला मी खजील झालो.

'मूळ' या शब्दावरही मला थोडं बोलायचं आहे, फार नाही. यादीत नेहमी 'मूळ दुकान' असतं. त्या गल्लीत गेलं की एक मूळ, एक अस्सल मूळ आणि एक 'मूळ मालकांचे' अशी तीन दुकानं एकमेकांकडे पाठ करून उभी असतात. त्यांतल्या एकावर अभिमानाने लिहिलेलं असतं, 'आमची कोठेही शाखा नाही.' आमच्या धंद्यात असं कोणी लिहिलं तर खातेदार दुसऱ्या दिवशी ठेवी काढून नेतील. रसगुल्ल्याच्या मूळपणाचा तंटा तर सरकारदरबारी गेला. २०१७ साली पश्चिम बंगालच्या रसगुल्ल्याला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१९ साली ओडिशाच्या. दोन्ही वारसदारांच्या नावावर सात-बारा झाला आणि पाकाला काही फरक पडला नाही. खरं मूळ शोधायला गेलं तर आपल्या वडापावातला बटाटा दक्षिण अमेरिकेचा, मिरची तिकडचीच आणि पाव पोर्तुगीजांचा. आपलं म्हणजे 'जरा चुरा टाक रे' एवढंच. शेंगदाणासुद्धा तिकडूनच आला आहे. म्हणजे शेंगाचटणीतही सोलापूरचा माल मोजायचा झाला तर कुटणाऱ्याचा हात.

सोलापूरचं नाव निघालंच आहे, तर आवाज थोडा खाली आणतो. इथे चूक यादीची कमी आणि माझी जास्त.

सोलापूरच्या शाखेत चार दिवसांचं काम होतं. तिथे एक शिपाई होते, निवृत्तीला काही महिने राहिलेले. सगळी शाखा त्यांना मामा म्हणायची. पहिल्याच दुपारी ते म्हणाले, 'साहेब, घरी या की जेवायला. जवळच हाय.' मी क्लार्क. मला साहेब म्हणणारं त्या इमारतीत दुसरं कोणी नव्हतं, निदान त्यासाठी तरी जायला हवं होतं. पण त्या दुपारच्या रकान्यात एका खानावळीतलं मटण होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, 'आज या की.' दुसऱ्या दिवशी शेंगापोळी होती, भलत्याच टोकाला. तिसऱ्या दिवशी मामांनी बोलावलं नाही. टोकनं लावता लावता एवढंच म्हणाले, 'मंडळी इचारत होती, पाव्हण्यांना भाकरी चालत नाही काय म्हणून.' मी हसलो. हसण्यावारी नेणं म्हणतात ते हेच.

चौथ्या संध्याकाळी मी गाडीत बसलो, हातांत दुकानांच्या चार पिशव्या. सतरांपैकी बारा कलमं पुरी झाल्याचं साडूंना कळवत होतो, तेवढ्यात खिडकीशी मामा. वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं त्यांनी गजांतून आत दिलं. 'वाटेत भूक लागली तर खावा.' वाटेत भूक लागण्याची सोय मी ठेवली नव्हती. पुडकं घरी येऊन सुटलं.

आत कडक भाकऱ्या होत्या. पातळ, तीळ लावलेल्या, तव्यावर मंद शेकून शेकून पापडासारख्या केलेल्या. पंधरा दिवस राहिल्या तरी बिघडत नाहीत. मोडली की आवाज शेजारच्या खोलीत जातो. आणि शेंगाचटणी. मीही दुकानातून अर्धा किलो आणली होती. बायकोने दोन्ही एका बशीत शेजारी शेजारी काढल्या. दुकानातली कोरडी, चमच्यातून वाळूसारखी सांडणारी. मामांच्या घरची गर्द लाल, तेल सुटलेली, बोटाने दाबली की गोळा होणारी. लसूण लागत होता पण पुढे येत नव्हता. दह्यात कालवून ती भाकरीबरोबर आम्ही दोघं उभ्या उभ्या संपवत होतो. बायको म्हणाली, 'ही कुठल्या दुकानातली?'

मी दुसरी भाकरी मोडली. आवाजात उत्तर द्यायचं राहून गेलं.

वर्षाने पुन्हा सोलापूरला जायचा योग आला. या वेळी साडूंची यादी मी उघडलीदेखील नाही. शाखेत पोचलो, तर मामा निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडे राहायला गेलेले. नंबर मिळवून फोन लावला. मामा बाजारात गेले होते, मामींनी उचलला. मी ओळख सांगितली, गेल्या वर्षीच्या पुडक्याबद्दल आभार मानले, जेवायला न आल्याबद्दल काहीतरी पुटपुटलो आणि चटणीची कृती विचारली.

'त्यात काय असतंय?' मामी म्हणाल्या. 'दाणे खरपूस भाजायचे. तिखट, लसूण, जिरं, मीठ. आन् उखळात घालून तेल सुटेस्तोवर कुटायचं.'

'आम्ही मिक्सरमधून काढली. नुसतं कूट झालं.'

'मिक्सरात न्हाई व्हत ती.'

'मग आता पुण्यात तुम्ही कशी करता?'

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. 'हितं चौथ्या मजल्यावर हाय घर. कुटाय लागलं की खालची बाई वर येती भांडायला. उखळ तिकडंच राहिलं.' मग एकदम आठवल्यासारखं त्या म्हणाल्या, 'तुम्ही सोलापुरातच हाय न्हवं आता? परत जाताना पुण्यात उतरणार असला तर चटणीची दोन पाकिटं आणा की. हे सांगत होते, चांगली दुकानं तुम्हाला सगळी ठाऊक हायत म्हणून.'