शिष्ट, स्नॉब आणि 'पुणेकर'

पुण्याच्या रहिवाशांवर दोन आरोप नेहमी एका दमात केले जातात. ते शिष्ट आहेत आणि ते पैशाला जपणारे, आता तर पैशामागे लागलेले आहेत. हे आरोप करणाऱ्यांत पुणेकरांचाच भरणा अधिक असतो, हा त्यातला पहिला विचार करण्याजोगा भाग. एखाद्या शहराची ख्याती खरी की खोटी हा प्रश्न समाजशास्त्राचा. त्याचा निवाडा करण्याची साधने साहित्यसमीक्षेजवळ नाहीत. परंतु ही ख्याती ज्या संहितांनी घडवली त्यांपैकी बऱ्याचशा वाङ्मयीन आहेत, आणि त्या कोणाच्या वतीने बोलतात हे तपासणे मात्र आपले काम आहे. प्रस्तुत लेखाची मर्यादा तेवढीच आहे.

प्रारंभ शब्दापासून करावा लागेल. 'स्नॉब' या इंग्रजी शब्दाला आजचा अर्थ दृढपणे मिळाला तो थॅकरेच्या 'द बुक ऑफ स्नॉब्ज'मुळे. 'पंच'मध्ये आधी प्रसिद्ध झालेल्या या लेखांचे पुस्तक १८४८ मध्ये निघाले. थॅकरेचा स्नॉब वर पाहणारा आहे. उमरावांच्या ओळखीसाठी, त्यांच्यासारखे दिसण्यासाठी तो धडपडतो. आपण जेथे नाही तेथे असल्याचा आव आणणे हा त्याचा धर्म. मराठीत आपण त्याच्यासाठी 'शिष्ट' हा शब्द वापरतो आणि येथेच घोटाळा होतो. शिष्ट हा वर पाहत नाही. त्याच्या वर कोणी आहे असे त्याला वाटतच नाही. 'शिष्टसंमत', 'शिष्टाचार' या शब्दांत तो मानदंड आहे. बोलभाषेत मात्र तोच शब्द शिवीच्या जवळ गेला आहे. एकाच शब्दाने आदर आणि राग दोन्ही व्यक्त व्हावेत, हा मराठी समाजाचा आपल्या प्रमाणभाषेशी आणि ती बोलणाऱ्यांशी असलेला जुना हिशेब आहे.

पतंजलीने महाभाष्यात शिष्टांचे जे लक्षण केले आहे ते येथे आठवावे. आर्यावर्तात राहणारे, मडकेभर धान्याहून अधिक साठा न करणारे, लोभ नसलेले, काही हेतू न ठेवता विद्येत पारंगत झालेले ब्राह्मण, ते शिष्ट. म्हणजे या व्याख्येप्रमाणे शिष्टपणा आणि धनलोभ एकत्र नांदूच शकत नाहीत. विद्येचा अधिकार मिळतो तोच निर्लोभतेच्या बदल्यात. पुण्याविषयीच्या दोन आरोपांपैकी दुसरा खरा ठरला तर पहिल्याचा पायाच निसटतो, आणि म्हणूनच कदाचित पुणेकराला शिष्ट म्हटलेले मनातून आवडते, पैशाचा लोभी म्हटलेले आवडत नाही.

आता रूढ प्रतिमेकडे वळू. पु. ल. देशपांडे यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांपैकी तुम्हाला कोण व्हायचे आहे, असा प्रश्न करून जे लेखन केले व पुढे अनेकदा स्वतः सादर केले, त्याने पुणेकराची आजची प्रतिमा जवळजवळ कायम करून टाकली. त्याचे रूप उपदेशपर पुस्तिकेचे आहे. पुणेकर जन्मावा लागत नाही, नियम पाळून होता येते, ही त्यातली मूळ कल्पना आणि तीच त्यातली उदारताही. पहिली अट अभिमानाची. कशाचा ते महत्त्वाचे नाही, अभिमान जळजळीत हवा. दुसरी मताची. नगरपालिकेच्या उंदीर मारण्याच्या खात्यात नोकरी असली तरी अमेरिकेच्या अर्थकारणावर निकाल देता आला पाहिजे. या उदाहरणाकडे नीट पाहिले तर विनोदाचे लक्ष्य सत्ताधारी नाही असे दिसते. १८१८ नंतर राज्य गेलेल्या, पुढे कारकुनीत शिरलेल्या वर्गाचा हा माणूस आहे. हातात काही उरले नाही, मत तेवढे उरले. पु. लं.नी त्याला हसत हसत माया दिली आहे. ती माया खोटी नाही, आणि तिच्यामुळेच हा लेख टिकला आहे.

पण प्रतिमा एकदा टिकली की तिला वस्तुस्थितीची गरज उरत नाही. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणारा पुणेरी दुकानदार हा असाच एक अंश. चितळे बंधूंनी २०१७ मध्ये दुपारीही दुकान उघडे ठेवायला सुरुवात केली. विनोद तसाच चालू राहिला. बार्थने ज्याला मिथक म्हटले त्याचे यापेक्षा घरगुती उदाहरण मिळणे कठीण.

पुणेरी पाटी ही या प्रतिमेची दुसरी संहिता. तिच्यावर कौतुकाने बरेच लिहिले जाते, पण तिच्या विषयाकडे क्वचितच कोणी पाहते. आपण शब्दयोजनेला दाद देतो. पाटी बोलते कशाबद्दल? फाटकासमोर लावलेल्या वाहनाबद्दल, दोनदा वाजवलेल्या घंटेबद्दल, अंगणातल्या फुलांबद्दल, पत्ता विचारायला जिना चढून आलेल्या अनोळखी माणसाबद्दल. म्हणजे बोलते ती मालकीबद्दल. व्याकरण शिष्टाचे, आशय मालमत्तेचा. पाटीला उत्तर देता येत नाही, हेही तिचे एक लक्षण. बाख्तीनच्या अर्थाने ती पूर्णपणे एकस्वरी आहे. पैशाचे वेड पुण्यात नव्या कंपन्यांबरोबर आले, असे म्हणणाऱ्यांनी जुन्या वाड्यांच्या दारांवर काय लिहिले जात होते ते पुन्हा वाचावे.

वर्गात पु. लं.चा हा लेख शिकवताना एकदा एक गोष्ट लक्षात आली. निम्मा वर्ग खदखदून हसत होता. मागच्या बाकांवरची काही मुले हसत नव्हती. त्यांना विनोद कळत नव्हता असे नाही. तास संपल्यावर मराठवाड्यातून आलेली एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, आम्ही खोली शोधत होतो तेव्हा त्या घरावरही अशीच मजेदार पाटी होती. काकूंनी आधी आडनाव विचारलं, मग खोली भरली असं सांगितलं. पाटीवर आडनावाचं काही नव्हतं." मी तिला तेव्हा काय उत्तर दिले ते आठवत नाही. फारसे काही दिले नसावे.

ज्या शिष्टपणाला आपण लकब समजून हसतो तो एका व्यवस्थेचा सौम्य केलेला अनुवाद आहे, आणि ही सौम्यता वाङ्मयाने पुरवली आहे, असे माझे मत आहे. मूळ आरोप सौम्य नव्हता. तो करणारेही पुणेकरच होते. लोकहितवादी पुण्यात जन्मलेले. त्यांनी 'शतपत्रां'त पुण्याच्या भिक्षुकशाहीवर केलेली टीका १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये, म्हणजे मुंबईच्या पत्रात, छापून आली. थॅकरेचे पुस्तक आणि भिडेवाड्यातली मुलींची शाळा यांचेही साल तेच, हा योगायोग नोंदवण्यापुरता. दक्षिणा फंडातील काही रक्कम मराठी ग्रंथांसाठी द्यावी, असा अर्ज सुधारकांनी १८४९ मध्ये केला तेव्हा शास्त्रीमंडळींत केवढा गदारोळ उठला! मडकेभर धान्याची गोष्ट तेथेच संपली होती. विद्या आणि धन ही दोन्ही एकाच दारातून वाटली जात होती, आणि त्या दारात कोणी उभे राहायचे हा वाद होता.

जोतीराव फुले यांचे १८८५ चे पत्र याहून पुढे जाते. पुण्यातल्या ग्रंथकारांच्या सभेसाठी न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांना बोलावले होते. साहित्य संमेलनांच्या परंपरेत ही सभा दुसरी मानली जाते. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रादिअतिशूद्रांच्या दुःखाची ओळख नाही त्यांच्यात मिसळण्यात अर्थ नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. पुणेरी शिष्टपणाविरुद्धचा मराठीतला हा सर्वांत गंभीर अभियोग आहे आणि त्यात विनोदाला जागा नाही. तरीही फुले 'पुणेकर' ठरत नाहीत. गंज पेठेत आयुष्य काढलेला, १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करणारा हा माणूस रूढ प्रतिमेतील एकाही नियमात बसत नाही. लक्षणेने सदाशिव-नारायण पेठांचा अर्थ 'पुणे' झाला आणि गंज, नाना, भवानी या पेठा, कॅम्प, पुढे पिंपरी-चिंचवड हे सारे वाच्यार्थातून गळून पडले. पर्वतीच्या मंदिरप्रवेशासाठी १९२९ मध्ये सत्याग्रह करणारे आणि त्यांच्यावर दगड फेकणारे, दोघेही पुण्याचे रहिवासी होते. प्रतिमेत यांपैकी कोणीच नाही, कारण दगडाचा विनोद होत नाही.

विनोदाऐवजी नृत्य-संगीताचा आधार घेऊन हा दगड रंगभूमीवर आणला तो विजय तेंडुलकरांनी. 'घाशीराम कोतवाल'मध्ये (१९७२) ब्राह्मणांची रांग हाच पडदा आहे: माणसांची भिंत, जिच्यातून परक्याला आत शिरता येत नाही. घाशीरामवर चोरीचा आळ येतो तो, तो परका आहे एवढ्याच कारणाने. पुढे तो सूड म्हणून जे करतो ते अमानुष आहे, आणि नाना त्याला वापरून फेकून देतो. या नाटकाविषयी त्या काळी 'पुण्याची बदनामी' असा ओरडा झाला. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने एकोणीस प्रयोगांनंतर ते थांबवले. ते पुढे चालू राहिले थिएटर अकादमीमुळे, म्हणजे पुण्यातल्याच तरुणांमुळे. बदनामीचा आरोप करणारे आणि ती 'बदनामी' बर्लिनपर्यंत नेणारे एकाच शहराचे होते, हे विसरून पुणेकरांविषयी सरसकट विधान करू नये.

राहिला दुसरा आरोप. पानशेतच्या पुराने (१९६१) नदीकाठच्या पेठांमधले वाडे पडले, माणसे नव्या वसाहतींत पांगली. पिंपरी ते आकुर्डीच्या कारखान्यांनी आणि नव्वदीनंतर हिंजवडीने नवे लोक आणले. उरलेल्या वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. इंग्रजी नावांच्या, पहारेकऱ्यांच्या संकुलांत राहणारा आजचा पुणेकर वर पाहतो, इतरांसारखे दिसण्याची धडपड करतो. तो थॅकरेचा स्नॉब आहे, पतंजलीचा शिष्ट नव्हे. जुन्या पेठेतला माणूस त्याला नावे ठेवतो खरा, पण वाडा विकसकाला देणारा तोच होता.

ही सारी चर्चा ज्यांच्यावरून वाहते त्यांच्यापुरते एवढे म्हणता येईल की, हमाल पंचायतीने सत्तरीच्या दशकात सुरू केलेल्या 'कष्टाची भाकर' या खाणावळीत गिऱ्हाइकाकडे दुर्लक्ष करण्याचा प्रश्नच नव्हता. अंगमेहनतीच्या माणसाला परवडेल असे जेवण देणे हाच तिचा हेतू होता. तीही पुण्याचीच संस्था. अनिल अवचटांच्या 'माणसं'सारख्या पुस्तकाने कष्टकऱ्यांकडे पाहिले, पण त्यातून 'पुणेकर' या शब्दाचा अर्थ विस्तारला नाही. रिपोर्ताज वाचले जाते, पाठ होत नाही. विनोद पाठ होतो.

म्हणून ख्याती योग्य की अयोग्य या प्रश्नाला माझे उत्तर असे: शहराच्या बहुसंख्य रहिवाशांना ती लागूच होत नाही, आणि ज्यांना लागू होते त्यांच्यासाठी ती फारच स्वस्त पडली आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमात पु. लं.चा लेख नेमताना फुल्यांचे पत्र आणि 'घाशीराम'चा पहिला अंक त्याच घटकात, त्याच्या शेजारी नेमावा, असे मी अभ्यासमंडळात सुचवले होते. पत्र घेतले गेले. नाटक 'वेगळ्या घटकात आहेच' म्हणून वगळले गेले.