काश्मीर विकायला गेलेले बेंद्रे

चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे यांचा कुठलाही परिचय उघडा, त्यात एक ओळ हमखास सापडते : १९३६ ते १९३९, काश्मीरच्या व्हिजिटर्स ब्युरोत कलाकार-पत्रकार म्हणून नोकरी. मग लगेच बॉम्बे आर्ट सोसायटीचं १९४१चं सुवर्णपदक येतं, न्यूयॉर्क येतं, बडोदा येतं. ती तीन वर्षं फास्ट लोकलमधून दिसलेल्या स्टेशनासारखी मागे पडतात. मला मात्र वाटतं की बेंद्रे यांचं मोठेपण आणि त्यांच्या चित्रांतली खोट, दोन्हींचा धागा त्या एका ओळीत आहे.

व्हिजिटर्स ब्युरो म्हणजे आजच्या भाषेत टुरिझम डिपार्टमेंट. मैदानातल्या माणसाला तिकीट काढावंसं वाटेल असं काश्मीर दाखवायचं, हे त्या खात्याचं काम. पहलगामचं रील बघून आपण सुट्टीचा अर्ज टाकतो ना, त्याच धंद्याची ही जुनी शाखा. बाकीचे चित्रकार निसर्गचित्रं विकायची धडपड करत होते. सव्विसाव्या वर्षी बेंद्रे यांना नोकरी मिळाली ती निसर्गच विकायची.

हात तयार होता. ते इंदूरच्या मराठी घरातले, जन्म १९१०चा. तिथल्या चित्रशाळेत द. दा. देवळालीकर मास्तर. मकबूल फिदा हुसेनही त्याच शहरात वाढले, आणि दोघं मिळून उघड्यावर चित्रं काढायला जात. उजेड पाच-दहा मिनिटांत बदलतो, म्हणून ब्रश भरभर चालवायचा, खोडत बसायचं नाही, ही त्या शिक्षणाची सवय. बेंद्रे यांच्या निसर्गचित्रांत ती शेवटपर्यंत दिसते.

पण माळव्यात घोटलेला हात हिमालयात तसाच चालत नाही. मी मोहन्यात राहतो. इथून कल्याणच्या बाजूला मलंगगडाची रांग दिसते, तीही हवा स्वच्छ असली तर. एरवी दमट हवा आणि धूर मिळून तिला फिकट निळी करून टाकतात. चित्रकाराला ही फुकटची मदत असते : जवळचं गडद, लांबचं फिकं, की कागदावर अंतर तयार. उंचावरच्या कोरड्या, स्वच्छ हवेत हा हिशेब कोलमडतो. कित्येक मैलांवरचं शिखर हाताच्या अंतरावर वाटतं, कडा सुरीसारख्या दिसतात. रंग फिका करून काम भागत नाही. एक आकार दुसऱ्या आकारावर कसा टेकतो, वजन कुठे पडतं, हे शोधावं लागतं. थोडक्यात, डोंगर रंगवण्याआधी बांधावा लागतो.

ही अडचण एकट्या बेंद्रे यांची नव्हती. १९४८मध्ये सय्यद हैदर रझा काश्मीरला गेले. तिथे त्यांना फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटले. चित्रं चांगली आहेत, पण त्यांत बांधणी नाही, सेझान बघ, असा त्यांचा सल्ला होता. रझा पुढे पॅरिसला गेले आणि यथावकाश डोंगर मागे पडून बिंदू उरला. ही गोष्ट आपल्याकडे फार आवडीनं सांगितली जाते, कारण तिच्यात सुंदर निसर्गचित्र ही पोरवयातली चूक ठरते आणि ती सोडली की माणूस मोठा होतो. कल्याण-डोंबिवलीतली कितीतरी मुलं रविवारी पाठीला बोर्ड लावून सह्याद्रीत जलरंग करायला जातात. ‘छान आहे, पण कॅलेंडर वाटतं,’ हा शेरा त्यांच्या ओळखीचा असेल.

बेंद्रे यांची कारकीर्द या गोष्टीत बसत नाही, म्हणून मला ती जास्त महत्त्वाची वाटते. ते १९५०मध्ये बडोद्याला शिकवायला गेले आणि १९६६पर्यंत तिथे होते. १९५५च्या ‘काटा’ या चित्राला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात आकृती सपाट पृष्ठांत, कोनांत बसवल्या आहेत. याला घनवादाचा प्रभाव म्हणून समीक्षक पुढे जातात. प्रभाव आहेच, नाकारत नाही. पण आकारावर आकार रचण्याची गरज त्यांना डोंगरानं आधीच शिकवली असणार, असं मला ते चित्र बघताना वाटतं. आणि घनवाद हाताळून झाल्यावरही त्यांनी निसर्गचित्र टाकून दिलं नाही. फिरत राहिले, काढत राहिले.

बडोद्यात त्यांच्याकडे आलेला एक विद्यार्थी तर थेट श्रीनगरचा. गुलाम रसूल संतोष. त्यांनी तरुणपणी पोटासाठी विणकाम केलं होतं, पेपरमॅशे केलं होतं, निसर्गचित्रंही काढली होती. रझांनी त्यांना काश्मीरमध्येच हेरलं, आणि १९५४मध्ये शिष्यवृत्ती घेऊन ते बेंद्रे यांच्याकडे शिकायला आले. हा प्रसंग कुणी नीट लिहिलेला मला सापडला नाही, पण कल्पना करा : बाहेरच्यांना काश्मीर दाखवण्याची नोकरी केलेला मास्तर आणि त्या देखाव्यात जन्मलेला पोरगा, एकाच वर्गात. १९६४मध्ये संतोष अमरनाथच्या गुहेत जाऊन आले आणि त्यांची वाट तंत्रकलेकडे वळली. घरच्या डोंगरातून त्यांनी देखावा काढूनच टाकला. मास्तरांना ते कधी जमलं नाही, किंवा हवंच नव्हतं.

आता खोट. उत्तरकाळात बेंद्रे ठिपक्याठिपक्यांनी रंग लावू लागले. घागरी घेतलेल्या बाया, झाडं, ऊन. तंत्र अस्सल आहे, रंग शेजारी ठेवण्याची समज तर भल्याभल्यांना नाही अशी. तरी त्यातली काही चित्रं मला जास्त गोड वाटतात. त्या बायांना घाम येत नाही, घागर जड नसते. पाहुण्याला खेडं आवडलं पाहिजे, याची काळजी कुणीतरी आधीच घेतलेली असते. इथे मला ब्युरो आठवतो. बघणाऱ्याला खूश करायची सवय तीन वर्षं पगार घेऊन लागली, की ती सहज जात नसावी.

पण याच सवयीची दुसरी बाजू त्यांच्या वेगात आलेल्या निसर्गचित्रांत आहे. तिथे गोड करायला वेळच नसतो. भिंतीवर पडलेलं ऊन एका जाड फटक्यात येतं, माणसं दोन ठिपक्यांची, सावली थेट निळी. पद्मश्री १९६९मध्ये आणि पद्मभूषण १९९२मध्ये मिळालं, त्याच वर्षी फेब्रुवारीत ते गेले. या सन्मानांच्या बातम्यांबरोबर बहुतेक ठिपक्यांच्या बायाच छापल्या जातात. सर्चमध्येही त्याच आधी येतात. खाली स्क्रोल करत राहा, एखादा घाट, एखादी गल्ली, एखादा उतार लागेपर्यंत, आणि तिथे झूम करून फक्त ब्रशचा फटका बघा.