ग्रीक-मूलक दुर्मिळ इंग्रजी शब्द : व्युत्पत्ती आणि अर्थ यांच्या संबंधाची चिकित्सा

प्रस्तावना :
इंग्रजी भाषेच्या शब्दसंग्रहात ग्रीक मूळ असलेल्या शब्दांचे स्थान मोठे आहे. वैद्यक, वनस्पतिशास्त्र, तत्त्वज्ञान, साहित्यशास्त्र अशा अनेक ज्ञानशाखांची परिभाषा या शब्दांवर उभी आहे. यांतील अपरिचित शब्द शिकविण्याची एक ठरावीक पद्धती महाविद्यालयीन अध्यापनात आणि स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शक पुस्तकांत रूढ आहे. शब्दाचे तुकडे पाडावयाचे, प्रत्येक तुकड्याचा ग्रीक अर्थ द्यावयाचा आणि त्यांची बेरीज म्हणजेच शब्दाचा अर्थ असे सांगावयाचे. ही पद्धती सोयीची असली तरी मूळ आणि अर्थ यांचे नाते ती गृहीत धरते, तपासत नाही. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा निवडक शब्दांच्या आधारे केली असून त्यासाठी भारतीय शब्दविचारातील योग, रूढी आणि योगरूढी या अभिधेच्या प्रकारांचा आधार घेतला आहे.

सैद्धांतिक पार्श्वभूमी :
‘एटिमॉलॉजी’ या शब्दातच हे गृहीतक दडलेले आहे. ग्रीक भाषेत ‘एटुमॉस’ म्हणजे खरे. शब्दाचे मूळ सापडले की त्याचा खरा अर्थ सापडला, अशी धारणा त्यामागे आहे. नावे वस्तूच्या स्वभावातून येतात की लोकांच्या संकेतातून, हा वाद प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’ या संवादात आला आहे. भारतीय परंपरेतही हा प्रश्न जुनाच आहे. सर्व नामे धातूंपासूनच बनतात असे शाकटायनाचे मत होते. त्यावरील आक्षेप यास्काने ‘निरुक्ता’त नोंदविला आहे : तसे असेल तर वाट आक्रमिणाऱ्या प्रत्येकाला ‘अश्व’ म्हणावे लागेल. यास्काचे उत्तर असे की, एकच क्रिया करणाऱ्यांपैकी काहींनाच ते नाव मिळते. लाकूड तासणारा प्रत्येक जण ‘तक्षन्’ म्हणजे सुतार ठरत नाही. अर्थात व्युत्पत्ती मान्य करणाऱ्या यास्कालाही लोकव्यवहाराची मर्यादा मान्य करावी लागली.

विवेचन :
यौगिक शब्दांच्या बाबतीत रूढ अध्यापनपद्धती यशस्वी ठरते. ‘जिओस्मिन’ हे मातीला वास देणाऱ्या एका रासायनिक संयुगाचे नाव. ‘गे’ म्हणजे पृथ्वी आणि ‘ऑस्मे’ म्हणजे गंध. ‘ट्रायकोटिलोमेनिया’ म्हणजे केस उपटण्याची अनावर प्रवृत्ती. केस, उपटणे आणि वेड असे तीन घटक येथे स्पष्ट दिसतात. परंतु यौगिक असणे म्हणजे भाषेत जगणे नव्हे. हेन्री कॉकेरम याच्या 1623 च्या इंग्रजी कोशात ‘ॲसर्सेकॉमिक’ हा शब्द आढळतो. ज्याचे केस कधी कापले गेले नाहीत, असा त्याचा अर्थ असून होमरने अपोलो देवतेला लावलेल्या विशेषणापासून तो आला आहे. अर्थ पारदर्शक असूनही हा शब्द कोशाबाहेर फारसा पडला नाही. त्यातीलच ‘कोमे’ म्हणजे केस या शब्दापासून आलेला ‘कॉमेट’ मात्र सर्वतोमुखी झाला. मराठीतील ‘शेंडेनक्षत्र’ हा शब्दही अशाच कल्पनेची आठवण करून देतो.

योगरूढ शब्दांत पद्धती अपुरी पडू लागते. ‘पेट्रिकोर’ हा शब्द इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 1964 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातून रूढ केला. कोरड्या हवामानात खडक व माती यांत साठणाऱ्या तैलद्रव्याचा अभ्यास त्यांनी केला होता. ‘पेट्रा’ म्हणजे खडक, तर ‘इकोर’ म्हणजे ग्रीक पुराणकथांतील देवांच्या देहात रक्ताऐवजी वाहणारा द्रव. आज हा शब्द कोरड्या मातीवर पडलेल्या पावसाच्या सुगंधासाठी वापरला जातो. तथापि त्याच्या घटकांत ना पाऊस आहे, ना गंध. ‘पंकज’ या शब्दाप्रमाणेच येथे अवयवार्थ जिवंत आहे, पण अर्थ निश्चित होतो तो रूढीने. विशेष म्हणजे हाच ‘इकोर’ वैद्यकीय इंग्रजीत जखमेतून झरणाऱ्या पातळ स्रावाचे नाव झाला.

रूढ शब्दांत तर मुळाचा आधार दिशाभूल करू शकतो. ‘सायकोफंट’ या शब्दाचे घटक ‘अंजीर’ आणि ‘दाखविणे’ असे आहेत. प्राचीन अथेन्समध्ये तो स्वार्थासाठी खोटे अभियोग करणाऱ्यास लावीत. इंग्रजीत प्रथम चहाडखोर आणि पुढे खुशमस्कऱ्या असा अर्थ स्थिरावला. अंजिराच्या निर्यातबंदीशी प्लूटार्कने जोडलेला संबंध अभ्यासकांना निर्विवाद वाटत नाही.

याहून बोधप्रद उदाहरण आहे ‘सिलॅबस’ या शब्दाचे. तो दुर्मिळ नाही. पण ज्या शब्दाच्या चौकटीत सारे अध्यापन चालते, त्याचेच मूळ येथे डळमळीत आहे. ग्रंथाच्या गुंडाळीला लावावयाच्या चर्मपत्राच्या नामपट्टीस ग्रीकमध्ये ‘सिट्टुबा’ म्हणत. सिसेरोच्या पत्रांच्या 15 व्या शतकातील मुद्रित प्रतींत या शब्दाचे रूप चुकीचे छापले गेले आणि त्यातून ‘सिलॅबस’ निर्माण झाला. पुढे ‘एकत्र घेणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदाशी त्याचे नाते जोडण्यात आले. म्हणजे शब्द आधी आला आणि व्युत्पत्ती मागाहून मिळाली.

निष्कर्ष :
1. व्युत्पत्ती हा शब्दाचा इतिहास आहे. तो अर्थाचा पुरावा ठरू शकतो, निर्णय नव्हे.
2. घटकांची बेरीज करण्याची पद्धती शास्त्रीय परिभाषेपुरती उपयुक्त आहे. सर्व शब्दांना ती लावल्यास विद्यार्थ्याला अर्थ कळल्याचा केवळ आभास होतो.
3. शब्द यौगिक, योगरूढ की रूढ हे आधी ठरवून, त्याचा काळ आणि वाक्यातील प्रयोग यांसह तो शिकविणे आवश्यक आहे.

शब्दांचे भांडार वाढविणे हे भाषाध्यापनाचे एक उद्दिष्ट असले, तरी शब्दाकडे चिकित्सक दृष्टीने पाहावयास शिकविणे हे त्याहून महत्त्वाचे आहे. या कामी यास्काने ‘निरुक्ता’त नोंदविलेली जुनी चर्चा इंग्रजीच्या वर्गातही मार्गदर्शक ठरू शकते.