नवागताचे मैत्र : फॉर्स्टर यांची दोन पुस्तके

ई. एम. फॉर्स्टर यांची 'अ पॅसेज टु इंडिया' ही कादंबरी १९२४ साली प्रसिद्ध झाली. तिला शंभर वर्षे उलटून गेली. ज्या सत्तेच्या छायेत ती लिहिली गेली ती सत्ता १९४७ साली गेली. तिच्यातले कलेक्टर, त्यांच्या मडमा आणि हिंदी माणसाला पाहुणा म्हणूनही दार न उघडणारा त्यांचा क्लब, हे सारे आता केवळ पुस्तकात उरले आहे. तरी ही कादंबरी अजून वाचली जाते. तिची समीक्षा बहुधा राज्यकर्ते आणि प्रजा यांच्या संबंधांची कथा म्हणून होत आली आहे. आमच्या मते तिच्या मुळाशी असलेला प्रश्न याहून साधा आणि म्हणूनच अधिक चिवट आहे. परक्या मुलखात नुकत्याच उतरलेल्या, इंग्रजीवाचून दुसरी भाषा नसलेल्या माणसाला तिथे मित्र मिळतो काय, आणि मिळाला तर तो टिकतो काय?

आमच्या वाचकांनी या प्रश्नाकडे विशेष जिव्हाळ्याने पाहावे असे एक कारण आहे. कादंबरीचा तिसरा भाग ज्या उत्सवावर उभा आहे, तो गोकुळाष्टमीचा उत्सव फॉर्स्टर यांनी १९२१ साली इंदुराजवळच्या देवासात, पवारांच्या थोरल्या पातीच्या वाड्यात पाहिला होता. तेथील वास्तव्यातील पत्रे त्यांनी पुढे १९५३ साली 'द हिल ऑफ देवी' या नावाने छापली. ही देवी म्हणजे देवासच्या टेकडीवरची चामुंडा. म्हणजे या कथेत यजमान कोणी दूरचा नाही; तो मराठी आहे. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली की एकीत जे सांगायचे राहिले ते दुसरीत सापडते, असा आमचा अनुभव आहे.

कादंबरीत दोन इंग्रज स्त्रिया चंद्रपूर नावाच्या एका काल्पनिक जिल्ह्याच्या गावी येतात. (हे चंद्रपूर विदर्भातले नव्हे, बिहारातील बांकीपूर लेखकाच्या डोळ्यांसमोर होते.) मूरबाई वयस्क आहेत, अॅडेला ही त्यांच्या मुलाशी, रॉनीशी, लग्न करावे की नाही हे ठरवायला आलेली तरुणी आहे. अॅडेलाला खरा हिंदुस्थान पाहावयाचा आहे. ही तिची इच्छा प्रामाणिक आहे यात शंका नाही. पण आम्हांला वाटते, तिच्या सर्व दुःखाचे बीज या इच्छेतच आहे. तिला माणसे नकोत, देश हवा आहे; माणसे तिला त्या देशाच्या दारासारखी हवी आहेत. आपल्याकडे कोणी दाराशी येऊन आपल्या खांद्यावरून आत डोकावू लागला, तर आपण त्याला 'या, बसा' म्हणतो खरे, परंतु मनातून आक्रसतो. अझीझ नेमका तसाच आक्रसतो.

मूरबाईंची गोष्ट निराळी आहे. त्या रात्री एकट्याच मशिदीत शिरतात. अंधारातून अझीझ ओरडतो, की इथे जोडे घालून येता येत नाही. त्यांनी जोडे आधीच काढून ठेवलेले असतात. कोणी पाहत नसताना काढले, याचे त्याला आश्चर्य वाटते; बाईंना वाटत नाही, कारण देव तिथे आहे असे त्या मानतात. एवढ्या एका गोष्टीवर त्या दोघांची मैत्री जुळते आणि ती बाईंच्या मृत्यूनंतरही तुटत नाही. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी परगावच्या पाहुण्याला देवळाच्या पायरीशी वहाणा काढताना न्याहाळले असेल, त्यांना हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही. तो वाकला की नाही, त्याने तीर्थ घेतले की नाही, याला आपण तितकेसे महत्त्व देत नाही. परंतु कोणी न सांगता वहाणा काढल्या, हे घरी जाऊन सांगतो.

कलेक्टरसाहेब या दोघी नवागत स्त्रियांसाठी हिंदी लोकांना मेजवानी देतात. तो सगळा समारंभ विनोदी आहे आणि तितकाच केविलवाणा. एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला काळे, मध्ये हिरवळ. कलेक्टरीणबाईंना उर्दू येते, पण ती नोकराचाकरांकडून शिकलेली. म्हणून क्रियापदांची त्यांना फक्त आज्ञार्थी रूपे ठाऊक आहेत. या एका तपशिलात फॉर्स्टर यांनी एका अख्ख्या वर्गाचे व्याकरण सांगितले आहे असे आम्ही म्हणू. मौज अशी, की ज्यांच्यापुढे ही आज्ञार्थी भाषा बोलली जाते त्या हिंदी स्त्रियांपैकी एकीला इंग्रजी येत असते. आणि ते कळताच कलेक्टरीणबाई अधिक दूर सरतात. पाहुण्याला यजमानाची भाषा न येणे ही अडचण झाली. यजमानाला पाहुण्याची भाषा येते हा अपराध झाला!

तथापि लेखक यजमानालाही सोडत नाही, आणि इथे आम्हां मराठी वाचकांनाही थोडे ओशाळावे लागते. त्याच मेजवानीत एका बंगाली कुटुंबाला दोघी बायका विचारतात, आम्ही तुमच्या घरी येऊ का? उत्तर मिळते, अवश्य या. गुरुवारी सकाळी गाडी पाठवतो. त्यांच्यासाठी कलकत्त्याचा प्रवासही लांबणीवर टाकल्याचे ऐकायला मिळते. गुरुवार उजाडतो, गाडी येत नाही. का आली नाही, हे कोणाला कधीच कळत नाही. पुढे अझीझही भरात येऊन 'माझ्या घरी या' म्हणून बसतो आणि बायकांनी ते खरे मानले तेव्हा घाबरून जातो, कारण घर दाखवण्याजोगे नाही. आमंत्रण मोडवत नाही, म्हणून तो ते दूरच्या मारबार लेण्यांवर नेऊन ठेवतो, आणि त्यातूनच पुढचा सर्व अनर्थ ओढवतो. 'या हं एकदा जेवायला' हे वाक्य आपण किती जणांना, किती वेळा, वार न सांगता म्हटले असेल! आपल्या माणसाला त्याचा अर्थ कळतो. हे आमंत्रण नव्हे, ही माया आहे, असे तो समजतो. नवागताजवळ मात्र फक्त शब्दकोश असतो. त्याला 'या' याचा अर्थ 'या' एवढाच दिसतो. फॉर्स्टर यांनी या ठिकाणी दोष कोणाचाच ठरवलेला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

फील्डिंग या कॉलेजच्या प्रिन्सिपॉलाची आणि अझीझची मैत्री ही कादंबरीची मुख्य कथा मानली जाते. तीत सुंदर जागा आहेत. फील्डिंगची कॉलरची गुंडी मोडते, तेव्हा अझीझ आपल्या कॉलरची काढून त्याला देतो आणि जवळ जादा होती अशी थाप मारतो. नंतर रॉनी अझीझची सुटलेली कॉलर पाहून हिंदी माणसाच्या गबाळेपणावर टीका करतो. आजारी अझीझ आपल्या मृत पत्नीचे छायाचित्र फील्डिंगला दाखवतो; पडद्यातल्या स्त्रीचा चेहरा दाखवणे म्हणजे पाहणाऱ्याला भाऊ करणे होय. लेण्यांतील खोट्या आरोपातून सुटल्यावर अझीझला अॅडेलाकडून वीस हजार रुपये नुकसानभरपाई घेता येत होती. ती सोडून दे, असे फील्डिंग त्याला पटवतो. आणि तोच उपकार पुढे संशय होऊन उलटतो, की या साहेबाला त्या मुलीशी आणि तिच्या पैशाशी लग्न करायचे आहे. वस्तुतः त्याने लग्न केले ते मूरबाईंच्या मुलीशी. पण साहेबाची पत्रे अझीझने वाचलीच नाहीत. हा भाग वाचकांना परिचित आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

आमचा खरा वाद आहे तो गोडबोले यांच्याबद्दल. प्रोफेसर नारायण गोडबोले हे दक्षिणी ब्राह्मण, गोरे, घाऱ्या डोळ्यांचे. ज्यांनी चित्पावन माणूस पाहिला आहे त्यांना लेखकाने तो नीट पाहिला होता हे पटेल. चहाला ते सर्वांपासून जरा दूर, पाठमोरे बसून खातात. आग्रह केल्यावर एक पद म्हणतात, ज्यात गोपी कृष्णाला 'ये' म्हणते आणि कृष्ण येत नाही. लेण्यांच्या सहलीला त्यांची पूजा लांबते आणि गाडी चुकते. अझीझला अटक झाली असता ते फील्डिंगला विचारतात, माझ्या नव्या शाळेला नाव कोणते द्यावे? निरद चौधरी यांनी १९५४ साली या पात्राला विदूषक ठरवले. आम्हांला ते मान्य नाही. पण असे का वाटावे, हे समजते. कादंबरीत सर्वांशी कोणी ना कोणी मैत्री करू पाहतो. गोडबोल्यांशी मात्र कोणीच नाही. इंग्रजांना ते गूढ वाटतात, अझीझला गमतीदार. त्यांच्या घराचे दार, त्यांच्या बायकोचे नाव, त्यांची बोलण्याची भाषा, काहीच आम्हांला दिसत नाही. ज्या लेखकाने मराठी संस्थानात मीठ खाल्ले त्याने मराठी माणसाला असे पाठमोरे बसवावे, हे मनाला लागते.

या पाठमोरेपणाचा उलगडा 'द हिल ऑफ देवी' मध्ये होतो. १९१२ च्या नाताळात फॉर्स्टर प्रथम देवासला आले. १९२१ मध्ये रजेवर गेलेल्या इंग्रज चिटणीसाच्या जागी तुकोजीराव महाराजांचे खासगी चिटणीस होऊन काही महिने राहिले. बागा, मोटारी, पाहुणेघर, वीजघर अशी खाती त्यांच्याकडे होती, आणि त्यांपैकी एकही धड चालत नव्हते, हे ते स्वतःच हसत सांगतात. नवा वाडा एकीकडे बांधला जात होता आणि दुसरीकडे ढासळत होता. गावाची हद्दही थोरल्या आणि धाकट्या पातीत वाटलेली. या साऱ्या गोंधळात एक गोष्ट मात्र सरळ घडली : महाराजांनी या साहेबाला मित्र मानले. ही मैत्री महाराजांच्या उत्तम इंग्रजीवर उभी होती, हे विसरता येत नाही. भोवतालचा वाडा मराठीत बोलत होता, भांडत होता, गात होता. साहेबाला मराठी येत नव्हती. त्यामुळे महाराजांच्या खोलीबाहेर पाऊल पडले की तो पुन्हा नवागतच.

गोकुळाष्टमीच्या वर्णनात हे सर्वांत अधिक जाणवते. महाराज उत्सवासाठी जुन्या वाड्यात येऊन राहिले, टाळ घेऊन देवापुढे नाचले. साहेबही अनवाणी, देशी वेषात उभा होता. तो कुचेष्टा करीत नाही. अनेक वाद्यांचा एकच कल्लोळ, फुलांखाली झाकलेली एवढीशी मूर्ती, देवापुढे फोडलेला घडा, त्यातून सांडलेला दूधभात आणि तो एकमेकांना भरवणारी माणसे, हे तो पाहतो आणि कादंबरीत आणतो. आमच्या वाचकांनी हा काला जन्मभर खाल्ला आहे. तुकारामाचे नाव भजनात पुनःपुन्हा येते. पण हा तुकाराम देव, राजा की वाणी, हे कादंबरीच्या इंग्रज वाचकाला कधी उमगत नाही. त्याच्यापुरता तो एक नाद राहतो. आणि इथे एक विलक्षण जोड आमच्या ध्यानात आली. कादंबरीतल्या खटल्याच्या वेळी कचेरीबाहेरची गर्दी मूरबाईंच्या नावाचा घोष करते. नावाचा अपभ्रंश होतो, त्याची देवी होते, पुढे तिच्या समाध्याही कोणी दाखवू लागतात. त्या लोकांना इंग्रजी येत नव्हते. मूरबाई कोण हे त्यांना ठाऊक नव्हते. तरी नाव घेतले. देवासच्या वाड्यात उभ्या राहिलेल्या साहेबाने तुकारामाचे नाव घेतले ते असेच.

म्हणून त्या भागातील एक जागा आम्ही कादंबरीत सर्वश्रेष्ठ मानतो. भजनाच्या भरात गोडबोल्यांना अकस्मात मूरबाई आठवतात. त्यांची भेट पूर्वी नावापुरतीच झालेली, चहाच्या वेळी. त्यांच्यात मैत्रीचा शब्दही झाला नव्हता. तरी ते त्यांना मनाने देवापुढे आणतात, मग एक गांधीलमाशी आठवते, तिलाही आणतात. ती ज्या दगडावर बसली होती तो आणायला जातात आणि ते साधत नाही. आमंत्रण नाही, गाडी नाही, इंग्रजी नाही. मैत्रीसाठी इतका आटापिटा करणाऱ्या या पुस्तकात पाहुणी आपल्या घरी पोचली असेल तर ती एवढ्यापुरतीच, मेल्यावर, आणि ज्याच्याशी कोणी मैत्री केली नाही त्याच्याकडे. चौधरींच्या विदूषकाला हे साधले नसते. १९८४ च्या चित्रपटात डेव्हिड लीन यांनी हा उत्सव जवळजवळ गाळला आणि मित्रांची भेट हिमालयाच्या पायथ्याशी नेऊन गोड केली. हिमालय सुंदर दिसतो, परंतु कादंबरीतले ते तळे, त्यात विसर्जनासाठी चाललेले मातीचे गोकुळ आणि एकमेकींवर आदळून उलटलेल्या दोन नावा गेल्या, त्याबरोबर कथेचे कारणही गेले.

कादंबरीच्या शेवटी अझीझ आणि फील्डिंग घोड्यांवरून जोडीने जात असता घोडेच त्यांना दूर नेतात. अजून वेळ झाली नाही, असे जणू माती आणि आभाळ सांगते. पुष्कळांनी हे उत्तर अंतिम मानले. लेखकाने स्वतः ते तसे मानले नव्हते, असे आम्हांला वाटते. कादंबरी त्यांनी सय्यद रॉस मसूद यांना अर्पण केली. त्यांची ओळख १९०६ सालची, मसूद इंग्लंडात नवागत असताना फॉर्स्टर त्यांना लॅटिन शिकवीत तेव्हाची. मसूद १९३७ साली वारले. त्याच वर्षी तुकोजीराव महाराजही गेले. देवासचा कारभार विस्कटून, इंग्रज सरकारशी बिनसून, फ्रेंचांच्या पाँडिचेरीत. त्यांच्या बाजूने बोलायला त्या वेळी फारसे कोणी उरले नव्हते. सोळा वर्षांनी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, फॉर्स्टर यांनी ती जुनी पत्रे बाहेर काढली आणि बुडालेल्या राजाची बाजू इंग्रजी वाचकांपुढे मांडली. त्यांतील देवासी नावांची रूपे जागोजाग चुकलेली आहेत.