‘कोण गेलं?’

ढोकीकडे मयताची खबर आली की पहिला प्रश्न असतो : कोण गेलं? नाव कळल्याशिवाय रडू फुटत नाही.

‘द वॉकिंग डेड’ या झोम्बींच्या अमेरिकी मालिकेच्या सहाव्या पर्वाचा शेवट (३ एप्रिल २०१६) प्रेक्षकांना झोंबला तो इथेच. गुडघ्यांवर बसवलेल्या अकरा जणांतून निगन एकाला निवडतो, बॅट हाणतो. आपण ते मरणाऱ्याच्याच डोळ्यांनी पाहतो आणि पडदा काळा होतो. नावे कळली २३ ऑक्टोबरला : आधी अब्राहम, मग ग्लेन. मूळ चित्रकथेच्या १००व्या अंकात (२०१२) याच प्रसंगी ग्लेन मरतो, आणि ते त्याच अंकात दिसते.

ऑक्टोबरच्या भागातील क्रौर्यावरही टीका झाली. एप्रिलचा राग मात्र वेगळा होता. सहा पर्वे मरणे पाहिलेला प्रेक्षक आणखी एका मरणाने चिडत नाही. त्याला शोक करायचा होता. हाती कोडे दिले गेले.

उत्सुकतेपोटी अमेरिकेत सुमारे १ कोटी ७० लाख प्रेक्षक परतले. सातव्या पर्वाच्या शेवटाला ते सुमारे १ कोटी १३ लाखच उरले. या गळतीची कारणे अनेक असतील. पण दडवलेल्या नावाने माणसे बोलावता आली, थांबवता आली नाहीत, एवढे दिसते.