पाषाणरथ : नाम आणि रूप

मंदिरशिल्पाच्या चर्चेत ‘रथ’ ही संज्ञा इतक्या सैलपणे योजली जाते की, तिच्याआड परस्परभिन्न रूपे दडलेली आहेत याचे भान बहुधा राहत नाही. मामल्लपुरम्, कोणार्क व हंपी येथील पाषाणरथ एकाच मालिकेत मांडले जातात. ही मालिका वस्तुतः शिल्पाची नसून शब्दाची आहे.

मामल्लपुरम् येथील सातव्या शतकातील पाच पल्लवकालीन एकाश्म वास्तूंना ‘पांडवरथ’ म्हणतात. त्यांना चाके नाहीत, आस नाही, जुंपलेले घोडे नाहीत. द्रौपदीरथ तर शाकारलेल्या झोपडीचेच पाषाणरूप होय. पांडवांशी जोडलेली नावेही मागाहूनची. येथे वाहन आहे ते केवळ नामात. देवालय हे देवाचे वाहनच, ‘विमान’ हा शब्दही तेच सुचवितो, असा आक्षेप येईल. परंतु भाषेतील रूपक आणि दगडात साकारलेले रूपक यांत भेद केलाच पाहिजे.

तो भेद कोणार्क येथे स्पष्ट होतो. तेराव्या शतकात पहिल्या नरसिंहदेवाने उभारविलेल्या या सूर्यमंदिराच्या जोत्यावर 24 चाके असून पुढे 7 अश्व आहेत. येथे नाम रूपातून उद्भवते. तथापि चाके जोत्याच्या अंगावरच कोरलेली आहेत; वास्तू रथ झाली, तरी तिचे वास्तुपण सुटलेले नाही.

हंपीच्या विठ्ठलमंदिराच्या प्रांगणातील सोळाव्या शतकातील रथ याहून एक पाऊल पुढे जातो. त्याची चाके आसावर बसविलेली असून फिरू शकतील अशा बेताने घडविलेली आहेत. विष्णूचे वाहन जो गरुड, त्याचेच हे देवालय; म्हणजे वाहनासाठी वाहन. मात्र हा रथ एकाश्म आहे हा समज चुकीचा ठरतो. तो अनेक शिलाखंड सांधून रचला आहे. त्याचे आजचे रूपही मूळचे नव्हे. पुढील हत्ती मागाहून बसविलेले असून त्यांच्यामागे मूळ अश्वांचे अवशेष दिसतात. ग्रीनलॉ यांच्या 1856 च्या छायाचित्रातील विटांचे शिखरही आज उरलेले नाही.

सारांश, ‘रथ’ या एका शब्दाने तिन्ही कृतींचे मोजमाप करणारा समीक्षक मामल्लपुरम् येथे नसलेले वाहन शोधतो आणि हंपीस असलेली रचना पाहावयास विसरतो. संज्ञेवरून शिल्प वाचण्याऐवजी शिल्पावरून संज्ञेचा अर्थ निश्चित करणे, हाच येथे अभ्यासाचा योग्य क्रम होय.